चंद्राच्या मातीची वानगी

(घोडेगाव, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



घोडेगावच्या बाजार आवारात कांद्याची गाडी आली म्हणजे खरेदीदार तिच्यातील प्रत्येक गोणी उपसून पाहत नाही. एक-दोन गोण्या ओतल्या जातात, कांदा हातात घेतला जातो, त्याचा आकार, रंग आणि पत्ती न्याहाळली जाते आणि त्यावरून साऱ्या मालाचा भाव ठरतो. या मूठभर मालाला आपल्या भाषेत ‘वानगी’ असा नेमका शब्द आहे. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हणही त्याच अनुभवातून आलेली. वानगी खरी असली तर व्यवहार खरा ठरतो. वानगीतच खोट निघाली तर पुढचा सारा हिशेब चुकतो.

आजचा विषय अशाच एका वानगीचा आहे. ग्रहांभोवती फिरणाऱ्या चंद्रांवर मनुष्य न पाठविता केवळ यंत्रे धाडावयाची, तेथील माती उचलावयाची आणि ती पृथ्वीवरील प्रयोगशाळेत आणावयाची, हा उद्योग १९७० सालापासून सुरू आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी ‘चांद्रयान-४’ या मोहिमेस मान्यता दिली आणि भारतानेही या कामात हात घातला. मोहिमेसाठी मंजूर झालेली रक्कम आहे २१०४ कोटी ६ लाख रुपये. रस्ता, पाणी आणि शाळेची खोली यांची निकड समोर असताना चंद्रावरील मुठीभर धुळीसाठी एवढा पैसा कशाला, असा प्रश्न ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्याने विचारला, तर तो अज्ञानाचा प्रश्न नव्हे. तो सार्वजनिक पैशाच्या विश्वस्ताचा प्रश्न आहे आणि त्याला सरळ उत्तर मिळाले पाहिजे. परंतु उत्तरापूर्वी हे काम काय आहे, ते पाहणे आवश्यक आहे.

माती आणावयाची कशासाठी?

शेतकरी मातीचा नमुना तपासावयास देतो, तेव्हा काय करतो? शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा निवडतो. वरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा खड्डा घेतो आणि त्याच्या कडेची माती खरवडतो. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती तो टाळतो. सारी माती मिसळून, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकीत टाकीत शेवटी अर्धा किलो राखतो. ती स्वच्छ कापडी पिशवीत भरून वर गट क्रमांक व नाव लिहितो. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरू नये, असे त्यास बजावून सांगितले जाते. कारण गोणीतील खताचा अंश मातीत मिसळला तर अहवाल शेताचा न राहता गोणीचा होतो.

आता असे विचारता येईल की, प्रयोगशाळेची उपकरणेच शेतात का नेऊ नयेत? काही नेताही येतात. परंतु जी उपकरणे खोलीभर जागा व्यापतात, ज्यांना स्थिर वीज, निर्वात पोकळी आणि कुशल हात लागतात, ती बांधावर नेता येत नाहीत. चंद्राचेही तसेच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले आणि ‘प्रज्ञान’ या छोट्या गाडीने तेथील मातीतील मूलद्रव्ये जागच्या जागी ओळखली. ती मोठी कामगिरी होती. तथापि, हा खडक किती वर्षांपूर्वी थिजला, या प्रश्नाचे उत्तर खात्रीने देणे अशा लहान उपकरणांना साधत नाही. त्यासाठी खडकाचे कण वेगळे करावे लागतात, त्यांतील किरणोत्सारी द्रव्यांचे सूक्ष्म प्रमाण मोजावे लागते आणि तीच मोजणी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा करून पाहावी लागते.

याचे एक ठळक उदाहरण आहे. अपोलो आणि लूना मोहिमांनी आणलेले ज्वालामुखी खडक बहुतांशी तीन अब्ज वर्षांहून जुने निघाले होते. चीनच्या ‘छांग-अ-५’ या यानाने डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या ठिकाणाहून १७३१ ग्रॅम नमुना आणला, तेव्हा तेथील खडक सुमारे दोन अब्ज वर्षांचा ठरला. म्हणजे चंद्राचे अंतरंग समजले जात होते त्याहून फार उशिरापर्यंत धगधगत होते. दुर्बिणीतून असा अंदाज बांधता आला असता. त्याचा पुरावा मात्र त्या मातीने दिला.

उल्का आपोआप पृथ्वीवर येतात, मग नमुन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, अशीही शंका येईल. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला होता आणि त्या दगडांचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. परंतु उल्का ही बेवारस वानगी होय. ती कोणत्या शेतातून आली याची चिठ्ठी तिच्यासोबत नसते आणि वातावरणातून येताना तिचा बाहेरील थर जळून जातो. यानाने आणलेल्या नमुन्याचा गट क्रमांक ठाऊक असतो. त्याची खरी किंमत त्यातच आहे.

पहिली मूठ

मानवरहित यानाने आणलेली चंद्राची पहिली मूठ सोव्हिएत संघाच्या ‘लूना-१६’ ची. त्यापूर्वी, अपोलो-११ चे अंतराळवीर चंद्रावर असतानाच, जुलै १९६९ मध्ये ‘लूना-१५’ हे यान चंद्रावर आदळून नष्ट झाले होते. पुढील वर्षी, २० सप्टेंबर १९७० रोजी, लूना-१६ चंद्रावरील एका सपाट प्रदेशात उतरले. त्या प्रदेशाच्या जुन्या लॅटिन नावाचा अर्थ ‘सुपीकतेचा समुद्र’ असा आहे. तेथे समुद्र नाही आणि सुपीकताही नाही. तेथे आहे तो बेसाल्ट, म्हणजे घोडेगावच्या काळ्या रानाखाली पसरलेल्या दख्खनी खडकाचा दूरचा भाऊबंद. यानाने पस्तीस सेंटिमीटर खोल छिद्र घेतले, माती एका गोल कुपीत बंद केली आणि कुपीसह त्याचा वरचा भाग पृथ्वीकडे निघाला. २४ सप्टेंबर रोजी कझाकस्तानात उतरलेल्या त्या कुपीत १०१ ग्रॅम माती होती.

१९७२ मध्ये ‘लूना-२०’ ने चंद्राच्या डोंगराळ भागातून नमुना आणला. ऑगस्ट १९७६ मध्ये ‘लूना-२४’ ने सुमारे दोन मीटर खोल छिद्र घेऊन १७० ग्रॅम माती आणली आणि तीही थरांचा क्रम न मोडता, लवचिक नळीत गुंडाळून. थरांच्या क्रमाचे मोल नेवासे परिसरात निराळे सांगावयास नको. प्रवरेकाठच्या पांढरीच्या टेकाडावर १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. कोणते खापर कोणत्या थरात सापडले, याच्या काटेकोर नोंदीमुळे या भूमीतील वस्तीचा इतिहास अश्मयुगापर्यंत मागे नेता आला. थर कालवले असते तर हाती केवळ खापरांचा ढीग राहिला असता. चंद्राच्या मातीचेही तसेच आहे.

लूना-२४ नंतर चव्वेचाळीस वर्षे चंद्रावरून एकही नवा कण आला नाही. ती खंडित परंपरा छांग-अ-५ ने पुढे चालविली. जून २०२४ मध्ये ‘छांग-अ-६’ ने पृथ्वीवरून कधीही न दिसणाऱ्या चांद्रपृष्ठावरून १९३५ ग्रॅम माती आणली. चंद्राच्या त्या बाजूची ही पहिलीच वानगी होय.

मुंबईत आलेले चांद्रकण

चंद्राच्या मातीचा महाराष्ट्राशी संबंध आजचा नाही, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. अपोलो मोहिमांनी आणलेल्या नमुन्यांतील काही कण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अभ्यासासाठी आले होते. तेथे देवेंद्र लाल यांच्या गटात नरेंद्र भंडारी, भट, राजगोपालन, ताम्हणे, वेंकटवरदन आदी संशोधक काम करीत होते. त्यांचे निष्कर्ष १९७१ च्या सुमारास जागतिक चांद्रविज्ञान परिषदेच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले.

त्यांची रीत समजण्यास सोपी आहे. अवकाशातून येणारे जड अणुकेंद्रकांचे किरण चंद्रावरील स्फटिकात घुसतात, तेव्हा त्यांच्या वाटेवर स्फटिकाची रचना मोडते. ती जखम डोळ्यांना दिसत नाही. परंतु तो कण योग्य रसायनात ठेवला म्हणजे मोडलेला भाग आधी झिजतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेषा उमटतात. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या कातडीवरून त्याने किती उन्हाळे काढले याचा अंदाज यावा, त्याप्रमाणे या रेषांच्या दाटीवरून तो कण किती लाख वर्षे उघड्यावर होता, हे काढता येते. धुळीच्या कणाएवढ्या वस्तूतून लाखो वर्षांचा वृत्तान्त मुंबईत वाचला गेला.

देवेंद्र लाल १९७२ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि या विद्येचे केंद्र तेथे वाढले. सोव्हिएत यानांनी आणलेल्या मातीवरही भारतीय शास्त्रज्ञांनी काम केले. याच परंपरेत तयार झालेले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे २००८ च्या चांद्रयान-१ मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. वेंकटवरदन यांनी मुंबईत वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालकपद सांभाळले. चंद्राचे कण तपासणारा संशोधक शाळकरी मुलांना आकाश समजावून देऊ लागला. काही ग्रॅम माती देशात आल्याने एवढी माणसे घडली. मात्र ती माती दुसऱ्याने आणलेली होती. कोणता कण, किती आणि केव्हा मिळावा, हे देणाऱ्याच्या हाती होते.

मंगळाचे आणि शनीचे चंद्र

पृथ्वीच्या चंद्राखेरीज अन्य कोणत्याही ग्रहाच्या चंद्रावरून आजपर्यंत नमुना आलेला नाही. मंगळाला फोबॉस आणि डायमॉस असे दोन लहान चंद्र आहेत. १८७७ च्या ऑगस्टमध्ये असाफ हॉल यांनी ते शोधले. फोबॉसचा व्यास सुमारे २२ किलोमीटर आहे. पावणेआठ तासांच्या आत तो मंगळाभोवती एक फेरी पुरी करतो, त्यामुळे मंगळावरून पाहणाऱ्यास तो पश्चिमेला उगवताना दिसेल. भारताच्या मंगळयानाने या दोन्ही चंद्रांची छायाचित्रे घेतली आहेत. हे चंद्र मंगळाने पकडलेले लघुग्रह आहेत की मंगळावर झालेल्या प्रचंड आघातातून उडालेल्या मातीचे गोळे आहेत, हा वाद छायाचित्रांनी मिटत नाही. तेथेही वानगीच हवी.

रशियाने ९ नोव्हेंबर २०११ रोजी ‘फोबॉस-ग्रुंट’ हे यान सोडले. ‘ग्रुंट’ म्हणजे माती. मंगळाकडे नेणारी इंजिने सुरूच झाली नाहीत. यान पृथ्वीभोवती घिरट्या घालीत राहिले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी प्रशांत महासागरावर कोसळले. जपानने आता ‘एमएमएक्स’ ही मोहीम आखली आहे. ती मुळात २०२४ मध्ये निघावयाची होती, परंतु मार्च २०२३ मध्ये नव्या ‘एच-३’ अग्निबाणाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाल्याने प्रक्षेपण २०२६ वर ढकलण्यात आले. फोबॉसवरून किमान दहा ग्रॅम माती २०३१ मध्ये आणावी, असा तिचा संकल्प आहे. तेथील गुरुत्व इतके क्षीण आहे की, साठ किलो वजनाच्या माणसाचे वजन तेथे चाळीस ग्रॅमही भरणार नाही. अशा ठिकाणी जमिनीत नळी घुसवू गेले तर यानच उलट वर फेकले जाण्याची भीती असते. म्हणून तेथे उतरणे म्हणजे एका वस्तूला हलकेच टेकणे होय.

घोडेगावाहून शनिशिंगणापूरचा रस्ता फुटतो. शनीचे नाव या पंचक्रोशीत नित्य घेतले जाते. श्रद्धेचे स्थान श्रद्धेच्या ठिकाणी राहो. विज्ञान त्याच ग्रहाकडे निराळ्या जिज्ञासेने पाहते. मार्च २०२५ मध्ये मान्यता मिळालेल्या नव्या चंद्रांसह शनीच्या चंद्रांची संख्या २७४ झाली. त्यांपैकी एन्सेलाडस या बर्फाळ चंद्रातून पाण्याचे फवारे अवकाशात उडतात. २००४ ते २०१७ या काळात शनीभोवती फिरलेले ‘कॅसिनी’ यान त्या फवाऱ्यांमधून गेले आणि त्याने ते पाणी जागच्या जागी तपासले. परंतु त्याचा एकही थेंब पृथ्वीवर आलेला नाही. ते काम पुढच्या पिढ्यांचे आहे.

चांद्रयान-४ ची रीत

चांद्रयान-४ चे पाच भाग असतील आणि ते दोन ‘एलव्हीएम-३’ अग्निबाणांनी वेगवेगळे पाठविण्यात येतील; कारण साऱ्यांचा भार एका अग्निबाणास पेलणार नाही. पृथ्वीभोवती फिरत असताना ते एकमेकांना जोडले जातील. चंद्रापाशी पोहोचल्यावर दोन भाग खाली उतरतील आणि उरलेले वर घिरट्या घालतील. खाली यांत्रिक हात माती उचलील, छिद्रक खालचा थर काढील आणि दोन्ही नमुने हवाबंद पेटीत ठेवले जातील. मग वरचा भाग पेटीसह उड्डाण करील, कक्षेतील सोबत्याला जाऊन मिळेल आणि पेटी त्याच्या हवाली करील. शेवटचा भाग सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर वेगाने पृथ्वीच्या वातावरणात शिरेल. त्या प्रचंड उष्णतेतून माती न भाजता आणि पेटीची सील न तुटता खाली आली पाहिजे.

या साखळीतील काही कड्या आधीच घडविण्यात आल्या आहेत. ३ सप्टेंबर २०२३ रोजी चांद्रयान-३ च्या ‘विक्रम’ ने चंद्रावर पुन्हा इंजिन पेटवून सुमारे चाळीस सेंटिमीटर उडी घेतली. परतीच्या वाटेवरील ते पहिले पाऊल होते. १६ जानेवारी २०२५ रोजी ‘स्पेडेक्स’ प्रयोगात दोन भारतीय उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले गेले. अग्निबाणाच्या कामातही महाराष्ट्राचा वाटा आहे. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनविणाऱ्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात अग्निबाणांची मोठी आवरणे तयार होतात, तर विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ‘विकास’ इंजिने घडतात.

खर्चाचा जाब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रथम हे स्वच्छ सांगितले पाहिजे की, चंद्राच्या मातीने घोडेगावच्या शेतात एक क्विंटलही अधिक पिकणार नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाने अपोलोच्या बारा ग्रॅम मातीत मोहरीच्या कुळातील एक लहान रोप उगवून दाखविले. त्याचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोपे उगवली, परंतु ती खुरटलेली होती. त्या धुळीत सेंद्रिय अंश नाही आणि जिवाणूही नाहीत. खर्च माणशी पाहिला तर एकशे चाळीस कोटींच्या देशात तो दरडोई सुमारे पंधरा रुपये येतो. तथापि, रक्कम लहान दिसते म्हणून खर्च योग्य ठरत नाही. फोबॉस-ग्रुंटप्रमाणे मोहीम बुडण्याचा संभवही नाकारता येत नाही.

या खर्चाचे समर्थन निराळे आहे. नमुना आणणारा देश पुराव्याचा धनी होतो. यान काही दिवस काम करून थांबते. नमुना मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. १९७२ मध्ये अपोलो-१७ ने आणलेली एक नळी पन्नास वर्षे सीलबंद ठेवून २०२२ मध्ये उघडण्यात आली, कारण तिला न्याय देणारी उपकरणे मधल्या काळात निर्माण झाली होती. ज्याच्या फडताळात नमुना आहे, त्याच्या दारी जगातील शास्त्रज्ञ येतात. पन्नास वर्षांपूर्वी मुंबईच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांनी आणलेले कण आले; यापुढे भारताने आणलेले कण इतरांनी मागावेत, हा चांद्रयान-४ चा खरा अर्थ होय. मात्र तो अर्थ यानाने एकट्याने साधणार नाही. पेटी उघडणारे हात घरचे असतील तरच तो साधेल.

गावाचे काम

ते हात आज कोठे आहेत? ते शाळेत आहेत. कदाचित घोडेगावच्याच एखाद्या वर्गात असतील. त्या मुलाला चंद्राचे चित्र दाखविणे सोपे आहे. नमुना कसा घ्यावा हे शिकविणे अधिक मोलाचे. त्यासाठी अग्निबाण नको. शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना एखाद्या शेतकऱ्याच्या अनुमतीने शेतावर न्यावे, मातीचे नमुने शास्त्रोक्त रीतीने घ्यावयास लावावेत, पिशवीवर जागा, खोली व तारीख लिहून घ्यावी आणि ते माती परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावेत. जमीन आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून देशभर सुरू झाली. याच जिल्ह्यात राहुरी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. अहवाल आला की तो वर्गात वाचावा आणि शेतकऱ्याच्या हाती द्यावा. एकाच शेताचे दोन नमुने जुळले नाहीत, तर चूक कोठे झाली याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा. विज्ञानाची खरी दीक्षा त्या शोधातच आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेचे कपाट वर्षातून एकदा तरी उघडून पाहावे. सूक्ष्मदर्शक आहे काय, त्याचे भिंग शाबूत आहे काय आणि मुलांचा हात त्याला लागतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. कुलपात ठेवलेला सूक्ष्मदर्शक गावाच्या यादीत शोभून दिसतो, परंतु त्यातून कोणी घडत नाही. गटविकास व शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्यांनीही तपासणीच्या वेळी नोंदवहीबरोबर मुलांचे हात पाहावेत. त्यांना माती लागली आहे काय, ते पाहावे.

चंद्रावरून येणारी पेटी लहान असेल. तिच्यातील काळीकरडी धूळ दिसण्यात आपल्या उन्हाळी रस्त्यावरील फुफाट्याहून फार वेगळी नसेल. ती उघडली जाईल त्या दिवशी तिच्यासमोर बसलेल्या तरुण संशोधकास आपण मातीचा पहिला नमुना कोठे घेतला होता, हे आठवेल. ती आठवण घोडेगावच्या शिवारातील असावी, हे आजपासून मनावर घेतले तर अशक्य नाही.